न सांडणारी पावडर

मंडळातल्या बायका रिटायर झालेल्या नवऱ्यांबद्दल बोलायला लागल्या की मी आपली गप्प बसायचे. कुणाचा नवरा बेसमेंटमध्ये पेटी बडवतो, कुणाचा बॅकयार्डात टोमॅटो लावतो, कुणाचा दिवसभर टीव्हीसमोर घोरतो. आमचे दीनानाथ बेसमेंटमध्ये काडतुसं भरायचे. आता हे चार बायकांत सांगायचं कसं? एकदा सांगून बघितलं, तर जयंती म्हणाली, "अगं बाई! आणि मारतात कुणाला?"

"कागदाला," मी म्हटलं. "कागदावरच्या काळ्या गोलाला. नागपुरात झुरळसुद्धा मीच मारायचे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

आम्ही कॅल्गरीत आलो त्र्याहत्तर साली. दीनानाथ तेलकंपनीत इंजिनियर, मी इथल्या परीक्षा पुन्हा देऊन हॉस्पिटलात फार्मसिस्ट झाले. पंच्याऐंशी साली ऑफिसातला कुणीतरी गोरा यांना शनिवारी शूटिंग रेंजवर घेऊन गेला आणि हा वरणभात खाणारा माणूस घरी आला तो वेगळाच होऊन. सहा महिन्यांत लायसन्स, रजिस्ट्रेशन सगळे सोपस्कार करून एक भलंमोठं चव्वेचाळीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घरात आलं. मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलले, ते सगळं बोलले. पण ते एका शब्दाने उलट बोलले नाहीत. तिजोरीला दोन कुलपं लावली, किल्ली गळ्यात घातली आणि म्हणाले, "शुभदा, फक्त शनिवार."

दुकानातली काडतुसं त्यांना फार जोरकस वाटायची, मनगट दुखायचं. म्हणून स्वतः भरायची ठरवली. काडतूस म्हणजे काय, तर बोटाच्या दोन पेरांएवढी पितळेची नळी. बुडाला ठिणगी टाकणारा प्राइमर, आत पावडर, वरून शिशाची गोळी दाबून बसवायची. गोम सगळी पावडरीत. कुठली घ्यायची आणि किती घालायची, यात यांचा एक अख्खा हिवाळा गेला. वही काढली, तक्ते केले, मला जेवताना ऐकवलं. मी वाढत होते आणि मान हलवत होते. शेवटी त्यांनी एक झटकन जळणारी पावडर निवडली, रव्यासारखी बारीक. चिमूटभर पुरे. नळी पाव-एक भरते, बाकीची रिकामी. एक डबा वर्षभर पुरायचा, यांना त्याचं कोण कौतुक!

"पण एक खोट आहे तिच्यात," तेव्हाच म्हणाले होते. "यंत्राचा दांडा चुकून त्याच नळीवर दोनदा ओढला गेला ना, तर दुसरं मापही आत गुपचूप मावतं. वरून काही कळत नाही. आणि तसलं दुप्पट भरलेलं काडतूस उडवलं, तर रिव्हॉल्व्हर हातातच फुटतं."

"मग दुसरी घ्या की!"

"छे गं. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला काय भीती?"

तरी त्यांनी नियम घालून घेतला होता. लाकडी ठोकळ्यात पन्नास नळ्या उभ्या करायच्या, पावडर भरायची, मग टॉर्च घेऊन एकेका नळीत डोकवायचं. पन्नासही नळ्यांत पावडर सारख्याच उंचीला दिसली, तरच गोळ्या बसवायच्या. बावीस वर्षं मी तो टॉर्च बघितला. शुक्रवारी चहाला हाक मारायला खाली गेले की हे ठोकळ्यावर वाकलेले असायचे आणि मनातल्या मनात आकडे म्हणत असायचे. मध्येच बोललं तर पुन्हा एकपासून.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात त्यांनी एका सकाळी वरणात दोनदा मीठ घातलं. रिटायर झाल्यापासून वरण त्यांच्याकडे होतं. मी खारट तोंडाने म्हटलं, "काय हो, समुद्र आणलात की काय?" ते हसले नाहीत. मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. एकच गोष्ट सकाळी सांगायची आणि दुपारी पुन्हा सांगायची. गाडी सी-ट्रेनच्या स्टेशनवर लावून घरी चालत यायचं आणि गाडी चोरीला गेली म्हणून मलाच पोलिसांना फोन करायला लावायचं. त्यानंतर गाडी मी चालवायला लागले. डोळ्यांचं निमित्त त्यांनीच काढलं आणि मी मान्य केलं.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी चहाला हाक मारायला खाली गेले, तर हे पावडर भरत होते. म्हणून बोलले नाही, जिन्याच्या पायरीवर बसले. पन्नास नळ्या भरून झाल्या. आणि यांनी सरळ गोळ्या बसवायला घेतल्या. टॉर्च खिळ्याला लटकलेला.

"अहो, टॉर्च?"

"बघितलं की मगाशी."

मी दहा मिनिटं तिथेच बसलेली! वरण खारट झालं तर पाणी घालता येतं. इथे यांचा हात जाईल, डोळे जातील, कदाचित जीवच जाईल, आणि तोही त्यांच्या लाडक्या शनिवारी.

तुम्ही म्हणाल, मग सरळ बंद का नाही केलंस? ऊर्मीही तेच म्हणाली. ऊर्मी आमची मुलगी, हॅलिफॅक्सला नर्स आहे. "मॉम, जस्ट टेल हिज डॉक्टर! व्हॉट आर यू वेटिंग फॉर?" तिला मराठीत काय सांगू आणि इंग्रजीत काय सांगू? वरच्या मजल्यावर हा माणूस चष्मा शोधत, दारं उघडीबंद करत हिंडायचा, माझ्याकडे बघून ओशाळं हसायचा. खाली त्या बाकावर बसला की हात सरसर चालायचे. पाठ ताठ व्हायची. तिथे तो माझा नवरा होता. डॉक्टरला सांगितलं असतं तर बंदुकीचं लायसन्स गेलंच असतं, आणि मग वर-खाली एकच झालं असतं. माझ्याच्याने ते होईना. मला स्वार्थी म्हणा हवं तर, मी स्वतःला म्हणतेच.

मी फार्मसिस्ट. तीस वर्षं हेच केलं. माणूस चुकणारच हे धरून चालायचं आणि चूक पेशंटपर्यंत पोचणार नाही अशी व्यवस्था करायची. मग मी एकटीच त्या बंदुकांच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. गळ्यात मंगळसूत्र, वर हिवाळी कोट, भिंतीवर सांबरांची मुंडकी, आणि काउंटरवर अर्नी नावाचा पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्याला म्हटलं, चव्वेचाळीससाठी अशी पावडर दे की दोनदा भरली तर लपणार नाही. त्याने मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही भरता, मॅम?"

"माझे मिस्टर."

तो पुढे काही विचारायचा थांबला. मागून एक प्लॅस्टिकचा डबा आणला आणि थोडी पावडर कागदावर ओतून दाखवली. पोह्यांसारखी फुगीर, हलकी. एका मापातच नळी जवळजवळ भरते, म्हणाला. दुसरं माप पडलं की सगळं बाहेर, बाकभर सांडतं. आंधळ्यालाही कळेल. डबा पिशवीत घालताना म्हणाला, "माझा भाऊ असाच होता." मी थँक्यू म्हणून गाडीत येऊन बसले आणि चांगली पाच मिनिटं रडले.

घरी येऊन खोटं बोलले. म्हटलं, तुमची ती जुनी पावडर कंपनीने बंद केली, अर्नीने ही दिली आहे.

"बंद केली? बावीस वर्षांची पावडर बंद?"

"मला काय विचारता? मी काय कंपनीत आहे?"

जुना डबा तळाला गेला होता, तो मी रीतसर फायर स्टेशनवर नेऊन दिला. दीनानाथांनी तीन दिवस नव्या पावडरीचा अभ्यास केला. वही उघडली, नवा तक्ता केला. अक्षर थोडं वाकडं आलं होतं, पण तक्ता बरोबर होता, मी तपासला. चौथ्या दिवशी म्हणाले, "जागा फार खाते. पण स्वच्छ जळेल." त्या हिवाळ्यात इतकं बरं मला कशानेच वाटलं नाही.

जानेवारीत पहिल्यांदा सांडली. मी खाली गेले तर बाकावर करड्या चकत्यांचा ढीग आणि हे ब्रशने गोळा करत होते. "हात हलला," म्हणाले आणि हसले. मीही हसले. मनात म्हटलं, बघा, झालं की नाही काम? वर येऊन देवापुढे साखर ठेवली. फेब्रुवारीत सांडली, पुन्हा सांडली. एकदा एकाच दुपारी तीन वेळा. दर वेळी मला हायसं वाटायचं. माझी व्यवस्था चालत होती ना! ब्रशने पावडर गोळा करताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी बघितलंच नाही. बघायला हवं होतं.

मार्चमध्ये सांडायची थांबली.

एक शुक्रवार गेला, दुसरा गेला, तिसरा. बाक लख्ख. मी रोज सकाळी बदाम भिजवून देत होते, ऊर्मीने पाठवलेली कसलीशी कॅप्सूल चालू होती. म्हटलं, गुण आला! फॅमिली डॉक्टरने विचारलं, हाऊ इज हिज मेमरी? मी म्हटलं, मच बेटर. ऊर्मीला फोनवर सांगितलं, "बघ, उगीच घाबरवत होतीस." ती नुसती "ओके, मॉम" म्हणाली.

पण फार्मसिस्टची सवय काही जात नाही. स्टॉक बघायचा हात थांबत नाही. नव्या पावडरीचा डबा मी दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवून बघायचे, नवा केव्हा आणायचा ते कळावं म्हणून. एका शुक्रवारी हे दुपारची डुलकी काढत होते, तेव्हा सहज ठेवला. वजन गेल्या वेळेइतकंच. वजनं लिहून ठेवायचे त्या कागदावर बघितलं, त्याच्या आधीच्या आठवड्यातही तितकंच. आणि बाकावर पन्नास काडतुसांची नवी पेटी भरून तयार होती.

मी सगळी कपाटं उपसली. घर गरम करणाऱ्या भट्टीच्या मागे, हिवाळी टायरांच्या ढिगात, जुन्या पावडरीचा नवा डबा सापडला. रव्यासारखी, बारीक. सील फोडून वापरलेला.

दीनानाथ उठून डायनिंग टेबलाशी संत्रं सोलत बसले होते. मी डबा त्यांच्यासमोर आदळला.

"हे काय आहे?"

त्यांनी डबा बघितला, संत्र्याची फोड तोंडात टाकली. "पावडर."

"कुठून आणलीत?"

"दुकानातून. नंदकुमारबरोबर गेलो होतो. शेल्फवर होती, ओळीने दहा डबे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू म्हणालीस बंद झाली."

चिडून आले होते आणि चोरासारखी उभी राहिले. नंदकुमार म्हणजे यांच्याबरोबर रेंजवर जाणारा आमचा नागपूरकडचाच मुलगा, मुलगा म्हणजे चाळिशीचा, सॉफ्टवेअरमधला. दुसऱ्या दिवशी शनिवार. दहा वाजता तो यांना घ्यायला येणार होता. मी त्याला फोन लावला आणि पहिल्यांदाच सगळं सांगून टाकलं. मग मी विचारलं, काडतुसांचं वजन करून दुप्पट भरलेलं ओळखू येईल का?

"नाही हो काकू. पितळ आणि शिसं इतकं कमीजास्त असतं की चिमूटभर पावडर त्यात लपून जाते. एकेक उघडूनच बघावं लागेल. मी येऊ का आत्ता?"

"नको," मी म्हटलं. "आम्ही बघतो."

काडतूस उघडायचा प्लॅस्टिकचा हातोडा असतो. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवायचं आणि जमिनीवर ठाकठाक आपटायचं, की गोळी आणि पावडर सुटून आत पडते. मला वाटलं होतं, हे चिडतील, नाही म्हणतील. ते मुकाट्याने खाली आले. त्यांनी हातोडा घेतला, मी त्यांचा छोटा काटा घेतला. ते आपटायचे, मी पावडर पितळी ताटलीत ओतून तोलायची. एक बरोबर. दोन बरोबर. पाच, दहा, पंधरा, सगळी अगदी काट्यावर काटा. वीस झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जुना तजेला आला.

"बघ," म्हणाले, "उगीच तू."

"उघडा पुढचं."

बाविसाव्याला ताटली खाली गेली.

मी पुन्हा तोललं. बरोबर दुप्पट. ताटली त्यांच्यापुढे केली. त्यांनी चष्मा पुसून आकडा बघितला, वहीतला आकडा बघितला, पुन्हा काटा बघितला. मग पुढचं काडतूस हातोड्यात घातलं. आता ठाकठाक हळू व्हायला लागली. एकेचाळिसावंही दुप्पट निघालं. पन्नास संपली तेव्हा बाहेर उन्हं उतरली होती आणि माझे गुडघे धरले होते.

दोन चिमट्या पावडर वेगळ्या कागदावर ठेवलेल्या. ते बघत बसले. माझा मात्र बांध फुटला. "अहो, काय करत होतात तुम्ही? हात उडाला असता तुमचा! डोळे गेले असते! ती चांगली पावडर आणून दिली होती ना मी? चूक झाली की सांडून सांगणारी? मग ही का आणलीत?"

"म्हणूनच," दीनानाथ म्हणाले.

"म्हणूनच म्हणजे?"

"ती सांडते. एका दुपारी तीनदा सांडली, शुभदा. दर वेळी ब्रशने गोळा करायची. तू पायरीवर बसलेली. मला कळत होतं ना, तू ती कशाला आणलीस." त्यांनी जुन्या डब्यावर हात ठेवला. "ही सांडत नाही. हिच्याबरोबर सगळं पूर्वीसारखं वाटतं."

इंजिनियर माणूस. या पावडरीची खोट त्यांनीच मला बावीस वर्षांपूर्वी समजावली होती. हात जाईल हे ठाऊक असून त्यांनी ती निवडली, कारण ती चुगली करत नव्हती. आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? डॉक्टरला मच बेटर कुणी सांगितलं होतं? रागावायला माझ्याकडे तोंडच उरलं नाही. मी त्यांचा हात हातात घेतला. शिशाने बोटं काळी झाली होती.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "नंदकुमारला सांग, उद्या येऊन रिव्हॉल्व्हर घेऊन जा. त्याच्या नावावर करून घे म्हणावं. आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट घे." गळ्यातली किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. इतकं शहाणं, इतकं स्पष्ट बोलले, की मला वाटलं, याच माणसाला म्हणे विसर पडतो!

रिव्हॉल्व्हर गेलं. फॉर्म झाले, डॉक्टर झाला, सगळ्याला नाव मिळालं. पुढच्या शनिवारी सकाळी साडेनऊला हे कोट-टोपी घालून दारात उभे.

"नंदकुमार आला नाही अजून?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, आपण बंद केलं ना ते."

"बंद? कुणी केलं?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. भट्टीमागचा डबा, पन्नास काडतुसं, बाविसावं आणि एकेचाळिसावं. त्यांनी पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं. चेहरा उतरत उतरत पांढरा झाला. बराच वेळ दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "मी केलं असं? मग नकोच. बरोबर केलंस." आणि टोपी काढून ठेवली.

त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. त्याच्याही पुढच्या. ऊर्मी म्हणाली, मॉम, काहीतरी सांग, रेंज क्लोज्ड आहे म्हण. एकदा म्हणून बघितलं, पण खोटं बोलायची माझी हिंमत संपली होती. दर शनिवारी मी खरं सांगायचे, आणि दर शनिवारी हा माणूस मुळापासून हादरायचा. मग तितक्याच शहाणपणाने स्वतःहून म्हणायचा, नकोच. एकदाच सोडायची गोष्ट त्याने दीड वर्षात साठ-सत्तर वेळा सोडली. एकदाही माझ्याशी भांडले नाहीत. मी शुक्रवारपासून धसका घ्यायचे. देवाला म्हणायचे, एकदा हे विसरू दे रे यांना.

गेल्या शनिवारी साडेनऊ वाजले. मी कप हातात धरून दाराकडे बघत होते. हे टेबलाशी टोस्ट खात होते. पावणेदहा झाले, दहा झाले. बाहेर कुणाची तरी गाडी थांबून पुढे गेली, तरी यांनी मान वर केली नाही.

"अहो," मी म्हटलं, "आज शनिवार आहे."

"हो का?" दीनानाथ म्हणाले आणि जॅमची बाटली माझ्याकडे सरकवली.

"शनिवार हो," मी पुन्हा म्हटलं. आवाज चढला माझा. "दहा वाजले. तुम्हाला कुठे जायचं नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी अदबीने, परक्या घरी पाहुणा बघतो तसं. "नाही," म्हणाले. "तुम्हाला जायचं आहे का कुठे?"